वाचकांचे प्रश्न : टर्मिनलमधले शब्दखेळ

प्रश्न : मजकुरावर चालणारा एक खेळ उतरवून घेतला, तो खेळायला फ्रॉट्झ नावाचं सॉफ्टवेअरही बसवलं. पण फाइल दिली की ते ती घेतच नाही. फाइल खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. आधी एक्स्टेंशन (फाइलच्या नावातली टिंबापुढची अक्षरं) बघा. फ्रॉट्झ १९७९ साली इन्फोकॉम या खेळ बनवणाऱ्या कंपनीने आखलेल्या झेड-मशीन या काल्पनिक संगणकाच्याच फाइली चालवतं : झेड३, झेड५, झेड८, झेडब्लॉर्ब. तुमची यूएलएक्स किंवा जीब्लॉर्ब असेल तर ती ग्लल्क्स या दुसऱ्या काल्पनिक संगणकासाठी आहे. नाव बदलून भागणार नाही, आतली रचनाच वेगळी. झेड५ची मर्यादा २५६ केबी, झेड८ची ५१२. मोठे खेळ त्यात मावेनात म्हणून ग्लल्क्स आलं. त्याच्या फाइली चालवायला ग्लल्क्सई किंवा गिट हा प्रोग्राम बसवा. (हे गिट म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं नव्हे, फक्त नावं जुळली.)

प्रश्न : 'सेव्ह' केलं होतं, दुसऱ्या दिवशी 'रिस्टोअर' होईना.

उत्तर : नुसतं नाव दिलं की सेव्ह फाइल खेळाशेजारी नाही, फ्रॉट्झ सुरू करताना तुम्ही ज्या डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) होता तिथे पडते. नवं टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) होम डिरेक्टरीत उघडतं आणि शोध चुकतो. आधी 'सीडी' या आज्ञेने त्या डिरेक्टरीत जा, 'एलएस'ने फाइलींची यादी बघून खात्री करा, मग खेळ सुरू करा.

फाइल सापडूनही नकार मिळत असेल तर मधे खेळाची नवी आवृत्ती उतरवली का, ते आठवा. सेव्ह फाइलमध्ये खेळाचा रिलीज क्रमांक, सीरियल आणि चेकसम (फाइल तीच आहे का, हे पडताळायचा आकडा) असतो. ते जुळले नाहीत तर दार बंद. ही अडवणूक नाही. सेव्हमध्ये सहसा संपूर्ण मेमरी नसते, मूळ फाइलपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. मूळच बदललं तर तो फरक निरर्थक. म्हणून अर्धवट खेळाची जुनी फाइल पुसू नका.

प्रश्न : खेळ मधेच बंद पडला. आता टाइप केलेलं दिसतच नाही.

उत्तर : न दिसताच 'रिसेट' टाइप करून एंटर दाबा. एंटर चालेना तर आधी कंट्रोल-जे, मग 'रिसेट', पुन्हा कंट्रोल-जे. पडदा रंगवणारी कर्सेस लायब्ररी अक्षरं उमटवणं बंद करते. प्रोग्राम अचानक मेला की ते पूर्ववत करायचं राहून जातं. वरचेवर होत असेल तर डीफ्रॉट्झ हे फ्रॉट्झचंच साधं रूप वापरा. त्यात कर्सेस नाही. वरची स्टेटस लाइन जागेवर राहत नाही, पण टर्मिनलही बिघडत नाही.