स्टॅक केल्यावरही मृगातला तेजोमेघ हिरवट-करडा का दिसतो?

तुम्ही विचारलंय: मृगातल्या तेजोमेघाचे, म्हणजे एम ४२ चे, दोन तासांचे फोटो स्टॅक केले, म्हणजे एकावर एक जुळवून एकत्र केले, तरी चित्र हिरवट-करडं येतं, सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवलं की सगळीकडे रंगीत ठिपके उठतात, मग लोकांच्या फोटोत रंग येतात कुठून?

रंग तुमच्याही फोटोत आहेत. ते आकाशाच्या उजेडाखाली दबले आहेत, आणि त्यांना वर काढायचं बरंचसं काम स्ट्रेच करण्याआधी, म्हणजे चित्रातला अंधुक भाग उजळवण्याआधी, उरकायचं असतं. मला हे उमजायला अख्खा एक हिवाळा लागला. मी आधी स्ट्रेच करायचे आणि मग रंगांच्या मागे लागायचे. देवयानी दीर्घिकेचा एकच स्टॅक कितीतरी वेळा पहिल्यापासून केला, आणि दर वेळी कडा जांभळट आणि दीर्घिका फिकी.

का ते आकड्यांत पाहा. एका पिक्सेलमध्ये तेजोमेघाचा लाल ०.०४ आणि निळा ०.०१ आहे असं धरा (० म्हणजे काळं, १ म्हणजे पूर्ण उजळ). चारास एक, म्हणजे चांगला भरलेला लाल. आता प्रकाशप्रदूषणाने दोन्हींत ०.१० ची भर पडली: ०.१४ आणि ०.११. चौपटीचा फरक जेमतेम सव्वापटीवर आला. ही भर वजा न करता सॅच्युरेशन ओढलं, तर रंगाबरोबर नॉइजही, म्हणजे पिक्सेलमधले अनियमित चढउतारही, ओढला जातो. तुमचे ठिपके तेच.

हिरवटपणाने घाबरू नका, तो बिघाड नाही. रंगीत सेन्सर तिन्ही रंगांना सारखाच प्रतिसाद देत नाही, हिरव्याला सहसा जास्त देतो. कच्चा डेटा असाच दिसतो. मात्र फोटो रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच हवेत; जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या मिळतात, १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४.

मी सिरिल हे आकाशाचे फोटो प्रोसेस करायचं सॉफ्टवेअर वापरते, ते मोफत आहे. आधी स्टॅकच्या खराब कडा कापा. मग बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे आकाशाचा उजेड मोजून वजा करणं, आणि इथे घाई नको. सॉफ्टवेअर नमुन्याचे ठिपके आपोआप टाकतं, पण एम ४२ च्या भोवती अंधुक धूळ दूरवर पसरलेली आहे. ठिपके तिच्यावर पडले, तर सॉफ्टवेअर तेजोमेघालाच आकाश समजून वजा करतं. प्रत्येक ठिपका पाहा, शंका आली तर काढून टाका. थोडेच पण खरोखर रिकाम्या आकाशावरचे ठिपके पुरतात. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो) घेतल्या नसतील तर पुढच्या वेळी नक्की घ्या. लेन्सच्या कडेचा काळोख आणि सेन्सरवरची धूळ ही वजाबाकी नीट होऊ देत नाहीत.

त्यानंतर प्लेट सॉल्व्ह करून, म्हणजे फोटो आकाशाच्या कोणत्या भागाचा आहे ते ताऱ्यांवरून ओळखून, रंगांचं कॅलिब्रेशन. मला या सगळ्यात सगळ्यात सुंदर वाटते ती हीच पायरी. गाया दुर्बिणीने मोजलेल्या ताऱ्यांच्या यादीशी तुमच्या फोटोतले तारे जुळवले जातात आणि त्यांच्या खऱ्या रंगांवरून तिन्ही चॅनेलचं (लाल, हिरवा, निळा) प्रमाण ठरतं. अंदाजाने स्लायडर हलवावे लागत नाहीत. कॅलिब्रेशननंतर ऑटोस्ट्रेचमध्ये (पडद्यापुरतं आपोआप उजळवणं) तिन्ही चॅनेल जोडलेले ठेवून पाहा. सुटे ठेवले तर पडद्यावर प्रत्येक चॅनेल वेगवेगळा ताणला जातो आणि खरा रंग कळत नाही.

उरलेला हिरवा नॉइज काढायचं साधन आहे, पण ते हात राखून वापरा. तारे हिरवे दिसत नाहीत हे खरं. तरी एम ४२ च्या पोटात दुहेरी आयनित ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा प्रकाश आहे, हिरवट-निळा. तो खरा रंग आहे, तो पुसू नका. कडांचा लाल-गुलाबी हायड्रोजनचा. ६५६.३ नॅनोमीटरचा हा प्रकाश साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर बराचसा अडवतो, त्यामुळे तुमचा तेजोमेघ गर्द लाल न येता गुलाबीकडे झुकेल. ते मान्य करून पुढे जा.

आता स्ट्रेच. साध्या पद्धतीत प्रत्येक चॅनेल स्वतंत्र वर येतो आणि रंग पुन्हा फिके होतात. समजा, स्ट्रेच वर्गमूळासारखा आहे: ०.०४ चे ०.२ झाले, ०.०१ चे ०.१, चारास एक होतं ते दोनास एक झालं. आसिन्ह (या नावाच्या गणिती सूत्राचा) स्ट्रेच तिन्ही चॅनेलना एकाच पटीने वर नेतो, म्हणून प्रमाण टिकतं. मी थोडा आसिन्ह आधी देते आणि बाकीचं काम हिस्टोग्रामने (उजेडाच्या आलेखाने) करते. सॅच्युरेशन अगदी शेवटी, पार्श्वभूमी मास्कने झाकून.

दोन गोष्टी मात्र प्रोसेसिंगने सुटत नाहीत. तेजोमेघाचा गाभा आणि ठळक तारे तिन्ही चॅनेलमध्ये कमाल मर्यादेला टेकले असतील, तर तिथला रंग गेलाच. त्यासाठी काही सेकंदांची छोटी एक्स्पोजर वेगळी स्टॅक करून गाभ्यावर मिसळावी लागतात. आणि अंधुक धुळीचा तपकिरी रंग दोन तासांत नीट सुटत नाही. सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे खऱ्या प्रकाशाचं नॉइजशी प्रमाण, दुप्पट करायला वेळ चौपट लागतो, म्हणजे आठ तास. वेगवेगळ्या रात्रींचे फोटो एकत्र स्टॅक करता येतात, म्हणून आताच्या फ्रेम जपून ठेवा.